त्यांचं बाहेरचं प्रकरण, तुमची जुनी चूक आणि पोटगी

वकील ताई,

माझं वय ४३. लग्नाला १९ वर्षं झाली. मुलगी अकरावीला, मुलगा सहावीला. आम्ही चिंचवडला राहतो. मिस्टर चाकणला एका कंपनीत मॅनेजर आहेत, हातात १ लाख ४० हजार येतात. मी बी.कॉम. आहे. लग्नाआधी तीन वर्षं पतसंस्थेत होते, मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली. आता घरी शिकवण्या घेते, महिन्याला आठेक हजार सुटतात.

गेली दोन वर्षं मिस्टरांचं ऑफिसातल्या एका बाईशी प्रकरण आहे. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या फोनवर मेसेज आणि लोणावळ्याच्या हॉटेलचं बिल सापडलं. विचारलं तर त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. म्हणाले, "१५ लाख देतो, परस्पर संमतीच्या कागदावर सही कर. आठ दिवसांत सांग." मी भांडले तेव्हा म्हणाले, "कोर्टात गेलीस तर तुझी भानगड काढीन, एक दमडी मिळणार नाही."

ही भानगड खरी आहे. सहा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाशी माझी चार-पाच महिने जवळीक झाली होती. मिस्टरांना कळलं, खूप वादळ झालं, मी सगळं तोडलं. मग आम्ही पुन्हा संसाराला लागलो. त्यानंतर माझ्याकडून काही घडलेलं नाही. आता मला खरंच पोटगी मिळणार नाही का? बहीण म्हणते, उलट नवऱ्याचं लफडं आहे म्हणून दुप्पट मिळेल. त्या बाईवर पोलीस केस करता येईल का? फ्लॅट मिस्टरांच्या नावावर आहे. आणि मुलीला काय सांगू?

एक वाचक, चिंचवड

(जागेअभावी पत्र थोडक्यात दिलं आहे.)

तुमचं पूर्ण पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खुपली. मिस्टरांच्या दोन वर्षांबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि स्वतःच्या चार-पाच महिन्यांबद्दल सव्वा पान. सहा वर्षं हे ओझं उरावर घेऊन तुम्ही स्वयंपाक केलात, डबे भरलेत, शिकवण्या घेतल्यात, आणि आज त्याच ओझ्याचा धाक दाखवून तुमच्याकडून सही मागितली जाते आहे. म्हणून बहिणीच्या मुद्द्याकडे मागाहून येते. आधी ही भीती घेऊ.

"एक दमडी मिळणार नाही" हे वाक्य कुठून येतं ते बघा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १२५ कलम, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ कलम, दरमहा पोटगीचा हक्क देतं. त्याच्याच चौथ्या पोटकलमात म्हटलंय की पत्नी व्यभिचारात राहत असेल तर तिला हा हक्क नाही. मिस्टरांनी किंवा त्यांच्या कुणा मित्राने एवढंच वाचलेलं दिसतं. पण यातला "राहत असेल" हा शब्द महत्त्वाचा आहे. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी त्याचा अर्थ वर्षानुवर्षं एकच लावलाय: पोटगी मागण्याच्या आसपासच्या काळात सतत चालू असलेले शरीरसंबंध. कधीकाळी घडलेली आणि संपलेली चूक त्यात बसत नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तर जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट म्हटलं की शरीरसंबंध नसताना पत्नीचं दुसऱ्या कुणावर नुसतं प्रेम असणं म्हणजे व्यभिचार नव्हे. सहा वर्षांपूर्वी तुटलेल्या जवळिकीवर बोट ठेवून आज कुणी म्हणेल की तुम्ही व्यभिचारात "राहत आहात", तर ते टिकणारं नाही. शिवाय असा आरोप करणाऱ्यालाच तो सिद्ध करावा लागतो.

दुसरी गोष्ट तुमच्या बाजूने याहून भक्कम आहे. हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमात माफीची तरतूद आहे. जोडीदाराचा व्यभिचार कळल्यावर जो तो माफ करून पुन्हा संसाराला लागतो, त्याला पुढे त्याच घटनेच्या आधारावर घटस्फोट मागता येत नाही. मिस्टरांना कळलं, वादळ झालं आणि त्यानंतर सहा वर्षं तुम्ही नवरा-बायको म्हणून एका घरात नांदलात. मुलांच्या शाळा, गावाकडची लग्नकार्यं, सुट्ट्या, सगळं एकत्र. कायद्याच्या भाषेत याला माफी म्हणतात, आणि दिलेली माफी गैरसोय झाली म्हणून मागे घेता येत नाही.

हे इतकं सविस्तर सांगण्याला कारण आहे. पत्नीच्या व्यभिचाराच्या कारणावरूनच घटस्फोट झाला असेल तर तिला १२५ खालची पोटगी नाही, असं छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये धरलंय. म्हणजे धोका काल्पनिक नाही, काही बायकांच्या बाबतीत तो खरा ठरतो. पण तुमच्या प्रकरणात तो दरवाजा मिस्टरांनीच सहा वर्षांपूर्वी लावून घेतलाय.

मग तुमच्या त्या काळाचा काहीच परिणाम होणार नाही का? थोडा होऊ शकतो. घटस्फोटाच्या वेळी कायमस्वरूपी पोटगी ठरते ती हिंदू विवाह कायद्याच्या २५ व्या कलमाखाली. तिथे न्यायाधीश दोघांचं उत्पन्न, मालमत्ता आणि इतर परिस्थितीबरोबर दोघांचं "आचरण" बघतात. त्यात तुमचंही आचरण येईल. पण त्याच तराजूत दोन वर्षं चालू असलेलं, आजही न थांबलेलं त्यांचं प्रकरण येईल. खटला चालू असतानाची अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च मिळतो २४ व्या कलमाखाली, आणि त्या कलमात व्यभिचाराची अट मुळात लिहिलेलीच नाही.

इथे एक विनंती आहे, आणि ती कळकळीची आहे. जो वकील किंवा वकीलबाई तुम्ही नेमाल, त्यांना हे सगळं पहिल्याच भेटीत सांगा. "त्यापलीकडे काय झालं ते लिहायची हिंमत होत नाही" असं तुम्ही मला लिहिलंत. मला नका सांगू, त्यांना सांगा. अशी एखादी गोष्ट उलटतपासणीत पहिल्यांदा बाहेर आली की जमत आलेलं प्रकरण कसं घसरतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या अर्जात ते आपणहून लिहिण्याचं बंधन नाही. पण समोरच्याने लेखी आरोप केला तर शपथेवर खोटं नाकारू नका. "घडलं, संपलं, त्यांनी माफ केलं, त्यानंतर आम्ही इतकी वर्षं नांदलो" हे चार शब्दांचं खरं उत्तर कुठल्याही नकारापेक्षा जास्त टिकतं.

आता बहिणीचं म्हणणं. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण दुप्पट पोटगी असा प्रकार नाही. आपल्याकडे पोटगी शिक्षा म्हणून दिली जात नाही. एकाची गरज आणि दुसऱ्याची ऐपत यांवर ती उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगी ठरवण्याची रीत देशभरासाठी घालून दिली. दोघांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू करायची. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा बजावलं की कायमस्वरूपी पोटगी ही नवऱ्याला दंड करण्यासाठी नसते, पत्नीला सन्मानाने जगता यावं यासाठी असते. संसारात असतानाचं राहणीमान, लग्न किती वर्षं टिकलं, घरासाठी कुणी नोकरी सोडली, मुलं कुणाकडे आहेत, या गोष्टी त्यात मोजल्या जातात. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणूनच लोणावळ्याच्या बिलाचं नाही. "मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली" हे आहे.

तुम्हाला हे ऐकून वाईट वाटेल, ते मी समजू शकते. कुणीतरी खुर्चीत बसून मोठ्याने सांगावं की या माणसाने तुमच्यावर अन्याय केला, आणि त्या अन्यायाची किंमत आकड्यात लिहावी, ही इच्छा माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या डोळ्यांत मी पाहिली आहे. आणि पुरुषांच्याही. पण या इच्छेपायी बायका एकेका आरोपावर तीन-तीन वर्षं लढतात आणि पोटगीचा अर्ज नीट भरायचा राहून जातो.

म्हणून त्यांचं प्रकरण तुमच्या कामाला नक्की कुठे येतं ते बघू.

घटस्फोट त्यांना हवाय, तुम्ही मागितलेला नाही. व्यभिचार हे हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमाखाली घटस्फोटाचं कारण आहे, पण ते वापरण्याचा हक्क तुम्हाला आहे, त्यांना नाही. स्वतःच्या गैरवर्तनाचा फायदा घेऊन कुणाला घटस्फोट मिळवता येत नाही, हेही त्याच २३ व्या कलमात आहे. तुमच्याविरुद्धचं जुनं कारण माफीत गेलं. "लग्न कायमचं मोडलंय" एवढ्यावर घटस्फोट देण्याचा अधिकार मे २०२३ च्या निकालानुसार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, पुण्याच्या फॅमिली कोर्टाला नाही. म्हणजे त्यांना लवकर मोकळं व्हायचं असेल तर मार्ग एकच, तुमची सही. त्यांनी हे वकिलाला विचारलेलं असणार. आठ दिवसांची घाई त्यामुळेच आहे.

आणि आठ दिवसांत काही होतही नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. मग अर्ज, मग सहा महिने थांबून दुसरी हजेरी. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, पण दुसऱ्या हजेरीपर्यंत तुम्ही संमती मागे घेऊ शकता. एखाद्या स्टॅम्प पेपरवर घरी बसून केलेली सही म्हणजे घटस्फोट नव्हे. पण त्या कागदावर "मी पोटगीचा हक्क सोडत आहे" असं लिहिलेलं असेल तर तो पुढे तुमच्याविरुद्ध दाखवला जाईल. कुठल्याही कागदावर, अगदी "नुसतं समजुतीसाठी" म्हणून पुढे केलेल्या कागदावरसुद्धा, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

त्यांच्या वागण्याचा दुसरा उपयोग असा की तुम्ही वेगळ्या राहिलात तरी तुमचा हक्क जात नाही. "बायको नांदायला येत नाही, मग पोटगी कसली" हा नवऱ्यांचा नेहमीचा बचाव असतो. नवऱ्याने दुसरं लग्न केलं किंवा दुसरी बाई ठेवली तर पत्नीने सोबत राहायला नकार देणं रास्त आहे, हे १४४ व्या कलमातच लिहिलंय. तरीही आज तुम्ही घर सोडू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरात राहण्याचा तुमचा हक्क आहे, मग ते घर कुणाच्या का नावावर असेना. भावनिक छळसुद्धा त्या कायद्यात हिंसाच आहे.

तिसरा उपयोग पैशाचा. हॉटेलं, भेटवस्तू, फिरणं, कधी दुसऱ्या घराचं भाडं. हा खर्च त्यांच्या बँकेच्या आणि क्रेडिट कार्डच्या उताऱ्यांत दिसतो. नवरा प्रतिज्ञापत्रात लिहितो की हप्ते आणि आईवडिलांचं औषधपाणी जाऊन हातात काही उरत नाही, आणि उतारा दुसरंच सांगतो. प्रेमाच्या मेसेजपेक्षा हा कागद न्यायाधीशांपुढे जास्त बोलतो. लोणावळ्याचं बिल जपून ठेवा, पण त्याच्यावर लिहिलेल्या रकमेसाठी.

पंधरा लाखांचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीच्या पोटगीसाठी रास्त मानता येईल. हा नियम नाही, प्रत्येक प्रकरणात आकडा वर-खाली होतो, पण अंदाजाला बरा. १ लाख ४० हजारांचे २५ टक्के म्हणजे ३५ हजार. वर्षाचे ४ लाख २० हजार. या हिशेबाने पंधरा लाख साडेतीन वर्षं पुरतात. तुमच्या शिकवण्या धरून न्यायालयाने २५ हजारच दिले असं समजा, तरी पाच वर्षं. तुम्ही ४३ वर्षांच्या आहात. आणि यात मुलांचा खर्च धरलेलाच नाही. मुलीची बारावी, पुढचं कॉलेज, मुलाची शाळा, हा हिशेब वेगळा मांडला जातो. मुलांच्या पोटगीचा आईच्या किंवा बापाच्या चारित्र्याशी काडीचाही संबंध नाही, आणि मुलांचा हक्क तुम्ही सही करून सोडलात तरी तो सुटत नाही.

एकरकमी घेणं वाईट असतं असं मात्र नाही. दरमहा पोटगीत थकबाकी, वसुलीचे अर्ज, पुन्हा तारखा असं सगळं मागे लागतं. शिवाय दरमहा रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते, एकरकमी धरली जात नाही. एकरकमी घ्यायचीच असेल तर घर किंवा घराइतकी किंमत, मुलांच्या शिक्षणाची वेगळी ठेव आणि तुमच्या उदरनिर्वाहाची रक्कम, अशा तीन रकमा वेगवेगळ्या लिहून मागा. डिमांड ड्राफ्ट न्यायालयासमोर हातात पडावा. "नंतर देतो" नको.

फ्लॅटबद्दल मात्र कटू गोष्ट सांगावी लागेल. एकोणीस वर्षं तुम्ही त्या घरासाठी राबलात, तरी महाराष्ट्रात घटस्फोटानंतर नवऱ्याच्या नावावरच्या मालमत्तेत पत्नीला आपोआप अर्धा वाटा मिळत नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि अर्धा हिस्सा धरला जातो. सीमेच्या अलीकडे तुमच्या श्रमांची तशी नोंद नाही. हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. पण पोटगी ठरवताना न्यायालय त्या फ्लॅटची किंमत बघतं आणि पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर चढवू शकतं. फ्लॅटच्या हप्त्यात किंवा डाउन पेमेंटमध्ये तुमच्या माहेरचे पैसे, तुमचे दागिने गेले असतील तर त्याच्या पावत्या शोधा. स्त्रीधन पूर्णपणे तुमचं आहे. ते पोटगीतून वळतं करता येत नाही.

त्या बाईवर पोलीस केस होणार नाही. व्यभिचाराचं ४९७ कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं आणि नव्या न्याय संहितेत ते घेतलेलं नाही. पण १८६० पासून चालत आलेल्या त्या कलमातही तुमच्यासारख्या पत्नीला तक्रारीचा हक्क कधीच नव्हता. तक्रार करू शकत होता तो फक्त त्या दुसऱ्या बाईचा नवरा, जणू ती त्याच्या मालकीची वस्तू. ते कलम गेलं ते बरंच झालं. दिवाणी अर्जात व्यभिचाराचा आरोप करायचा असेल तर त्या बाईला सहप्रतिवादी करावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा. कुणी सांगेल, "४९८अ टाका, लगेच वठणीवर येतील." ते विवाहितेच्या छळाचं जुनं कलम, आता न्याय संहितेचं ८५. नुसतं विवाहबाह्य प्रकरण असणं म्हणजे त्या कलमातली क्रूरता नव्हे, हे २०१३ मध्येच ठरलंय. मारहाण किंवा पैशासाठी छळ झाला असेल तर जरूर करा. झाला नसेल तर करू नका. खोट्या तक्रारीने तुमची खरी बाजूसुद्धा संशयात येते.

पुराव्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण घाईत चुका इथेच होतात. तुमच्या नजरेला पडलेल्या मेसेजचे फोटो घेतले असतील तर ज्या फोनने घेतले तो फोन विकू नका, बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून आला, पण आज तो घटस्फोटाच्या प्रकरणांतही रोज पुढे येतो. फॅमिली कोर्टाला पुराव्याच्या नियमांत थोडी मोकळीक आहे, तरी त्या भरवशावर राहू नका. नवरा-बायकोतलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं फोन-संभाषण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं १४ जुलै २०२५ च्या निकालात आलंय. म्हणून "प्रकरण आहे, पंधरा लाख घे" असं ते पुन्हा फोनवर म्हणाले तर ते उपयोगी ठरेल. पण त्यांच्या फोनमध्ये हेरगिरीचं ॲप टाकणं, पासवर्ड फोडणं, खासगी फोटो कुणालाही पाठवणं, यातलं काहीही करू नका. तो गुन्हा होईल आणि आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही असाल. सोसायटीच्या ग्रुपवरही एक अक्षर नको.

आणखी एक. तुमच्या मनात खरंच त्यांना माफ करायचं असेल तर करा, तो तुमचा अधिकार आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण नुसतं भांडण मिटवायला म्हणून "झालं गेलं विसरून जाऊ" असा मेसेज लिहू नका. माफीचं जे कलम आज तुमच्या बाजूने आहे, ते उद्या त्यांच्याही बाजूने वाचलं जाईल. मुलांसाठी एका छताखाली राहणं म्हणजे माफी नव्हे. पण लिहिलेला शब्द वेगळा.

तुमची सगळ्यात मोठी भीती मला वाटतं पैशाची नाहीच. भर कोर्टात, नात्यातल्या माणसांसमोर, तुमचा तो काळ वाचून दाखवला जाईल, ही आहे. हिंदू विवाह कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे ही सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा तपशील छापायला मनाई आहे. नातेवाईक आत नसतात. पत्नीच्या चारित्र्यावर लेखी चिखलफेक करणं हीच मानसिक क्रूरता ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात म्हटलंय. त्यामुळे मिस्टरांचा वकील शहाणा असेल तर तोच त्यांना आवरेल. मुलांच्या जन्माबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर घाबरू नका. व्यभिचार सिद्ध करायला मुलाची डीएनए चाचणी सरसकट करता येणार नाही, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्याच एका दांपत्याच्या प्रकरणात ठरलंय. आणि शब्दांचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वी वापरलेल्या "अनौरस पत्नी" या शब्दप्रयोगावर कडक नापसंती नोंदवली, तो स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारा आहे म्हणून. कायद्याची भाषा हळूहळू बदलते आहे. २५ व्या कलमात अजूनही पुरुषासाठी "विवाहबाह्य शरीरसंबंध" आणि बाईसाठी "शीलवती न राहणं" असे दोन निराळे मापदंड लिहिलेले आहेत, आणि ते वाचताना मला दर वेळी त्रास होतो. पण न्यायाधीशांच्या खुर्चीत आज बसलेली माणसं त्या शब्दांपुढे पाहणारी असतात, हा माझा अनुभव आहे.

हे सदर वाचणाऱ्या पुरुषांसाठी एक ओळ: २४ आणि २५ ही कलमं दोघांना सारखी आहेत. नांदेडच्या एका शिक्षिकेने आधीच्या पतीला दरमहा तीन हजार द्यावेत, हा आदेश औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम ठेवला होता.

आता तुमच्या शिकवण्या. आठ हजार लपवू नका. बायका हमखास ही चूक करतात, "उत्पन्न शून्य" लिहितात, आणि समोरचा वकील यूपीआयचे उतारे ठेवतो. मग बाकीचं सगळं खरं असूनही खोट्यात जातं. तुम्ही बी.कॉम. आहात, कमवू शकता, म्हणून पोटगी नको, असा युक्तिवाद होईलच. कमावण्याची क्षमता असणं आणि प्रत्यक्षात कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय. आठ हजार लिहा आणि खाली स्वच्छ लिहा की पतसंस्थेतली नोकरी कुणासाठी आणि कधी सोडली.

या आठवड्यात एवढं करा. मिस्टरांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, फ्लॅटचे कागद, विम्याच्या पॉलिसी, मुलांच्या फीच्या पावत्या, घरात जे सहज हाताला लागेल त्याच्या प्रती काढून बहिणीकडे ठेवा. किराणा, वीज, गॅस, क्लास, औषधं, असा महिन्याचा खर्च वहीत लिहायला घ्या. स्वतःच्या नावाचं वेगळं खातं नसेल तर उघडा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, तेव्हा अर्ज जितका लांबेल तितके महिने बुडाले असं धरा. आणि मिस्टरांनी आठव्या दिवशी उत्तर मागितलं तर "माझे वकील तुमच्याशी बोलतील" एवढंच म्हणा. पुढे एक शब्द नको.

राहिली मुलगी. अकरावीतल्या मुलीला घरातलं काय कळत नाही? तिला बहुतेक सगळं माहीत आहे आणि तुम्ही कधी बोलता याची ती वाट बघते आहे. बापाचे मेसेज तिला दाखवू नका, तिला साक्षीदार करू नका, आणि स्वतःच्या जुन्या गोष्टीचा कबुलीजबाबही तिच्यापुढे देऊ नका. "बाबांचं आणि माझं जमत नाहीये, आम्ही कदाचित वेगळे होऊ, तुझं कॉलेज थांबणार नाही" एवढं आज रात्री जेवणानंतर तिच्या खोलीत जाऊन सांगा. यातलं शेवटचं वाक्य मी तुम्हाला नुसता धीर द्यायला लिहिलेलं नाही. तिच्या शिक्षणाच्या खर्चाचा हक्क कायद्याने तिचा स्वतःचा आहे, आणि तो तुमच्या किंवा मिस्टरांच्या कुठल्याही प्रकरणाने कमी होत नाही.